आधी हर-टूचा रिपोर्ट बघा

ट्रॅस्टुझुमॅब हे स्तनाच्या कॅन्सरचं इंजेक्शन जठराच्या कॅन्सरला कशाला, डॉक्टर प्रयोग करताहेत का, अशी शंका येते. प्रयोग कधीच होऊन गेलाय. हर-टू हे काही गाठींच्या पेशींवर जास्त असणारं प्रथिन, आणि हे इंजेक्शन त्यावरच नेम धरतं. जठराच्या पसरलेल्या, हर-टू पॉझिटिव्ह (हे प्रथिन जास्त असलेल्या) कॅन्सरवरच्या 'टोगा' चाचणीचे निकाल २०१० साली लॅन्सेटमध्ये आले. नुसत्या केमोवर मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले) ११.१ महिने, सोबत ट्रॅस्टुझुमॅब दिल्यावर १३.८. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ज्यांच्या गाठीत हर-टू प्रथिन भरपूर होतं त्यांच्यात हेच आकडे ११.८ आणि १६ होते.

म्हणून सगळं त्या रिपोर्टवर अडतं. त्यात प्रथिनाचं प्रमाण शून्य ते तीन प्लस असं लिहितात: तीन प्लस म्हणजे पॉझिटिव्ह, शून्य किंवा एक म्हणजे निगेटिव्ह. दोन प्लस आलं तर 'फिश' (हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजणारी तपासणी) करून घ्याच. जठराच्या गाठीत हे प्रथिन ठिगळाठिगळांनी असतं, एका तुकड्यात सापडतं, शेजारच्यात नाही. एंडोस्कोपीत बायोप्सीचे सहा-आठ तुकडे घेतले होते का, हे जरूर विचारा.

'टार्गेटेड' (असं ठरावीक प्रथिनावर नेम धरणारं) औषध म्हणजे गुण येणारच, हा समज मात्र नको. ब्रिटनमधल्या 'रिअल-३' चाचणीत अन्ननलिका-जठराच्या रुग्णांना केमोसोबत पॅनिटुमुमॅब (ईजीएफआर या दुसऱ्या प्रथिनावरचं टार्गेटेड औषध) दिलं, तर ते उलट कमी जगले: ८.८ महिने, नुसत्या केमोवर ११.३. (जोडीतल्या केमोचा डोस कमी करावा लागला होता, हेही खरं.)

ट्रॅस्टुझुमॅब सुरू करण्याआधी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) लागतो, पुढेही अधूनमधून, कारण हृदयाचं पंपिंग कमी होऊ शकतं. खर्चाचं म्हणाल तर त्याची भारतीय बायोसिमिलर (मूळ औषधाशी मिळतीजुळती, दुसऱ्या कंपन्यांची औषधं) २०१४ पासून मिळतात. मूळ ब्रँडचाच हट्ट धरू नका.