ऑफिसात एआय वापरा म्हणतायत, पण लेखी काहीच नाही
फोंडेकर_एलडीसी: मंडळी, आमच्या गोव्यातल्या सरकारी ऑफिसात वरून तोंडी आलंय की एआय वापरा, फायली भराभर संपवा. कुठलं, कशासाठी, ट्रेनिंग कोण देणार, काही नाही. इनवर्डला मराठी, कोंकणी, रोमी (रोमन लिपीतली कोंकणी), इंग्लिश सगळ्यातून अर्ज येतात, शेजारच्या टेबलावरचा पोरगा मोबाईलने अर्जाचा फोटो मारतो, चॅटजीपीटीत टाकतो आणि उत्तराचा ड्राफ्ट काढून देतो, साहेब खूश. मला धाकधूक वाटते. तुमच्याकडे कसं चाललंय?

डिचोलीची_आयटीवाली: त्या पोराला आधी थांबवा हो! अर्जावर आधार नंबर, फोन, घर नंबर सगळं असतं. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच स्टाफला सांगितलेलं, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चॅटजीपीटी, डीपसीक नको, सरकारी माहिती बाहेर जाईल म्हणून. भाषांतरच हवं तर केंद्राचीच भाषिणी आहे, मराठी कोंकणी दोन्ही चालतात. तरी मूळ अर्ज वाचायचाच.

निवृत्त_हेडक्लार्क: जुन्या कागदांचं सांगतो. पोर्तुगीज काळातली घरची कागदपत्रं मुलाने मशीनला वाचायला दिली. टाईप केलेलं झक्क वाचलं, पण हाताने लिहिलेल्या पानांवर एकाच माणसाचं आडनाव तीन तऱ्हेचं, आणि कुठेही "नीट दिसत नाही" असं नाही, सगळं ठासून! असं नाव एक-चौदाच्या जमीन उताऱ्यावर चढलं तर वारसांनी मामलेदाराकडे चपला झिजवायच्या. पान शोधायला वापरा, नोंद मूळ कागद बघूनच करा.

मडगावकर७: सगळं खरं, पण माणसं कमी, फायली पडून, लोक काउंटरवर आमच्या नावाने शंख करतात. मशीनलाच ठरवू दे की कुठला अर्ज संशयास्पद ते, आम्ही तेवढेच तपासू.

डिचोलीची_आयटीवाली: @मडगावकर७ नेमकं हेच नेदरलँडमध्ये केलं. मुलांच्या पाळणाघराच्या अनुदानात फसवेगिरी शोधायला टॅक्सवाल्यांनी जे मशीन लावलं ते अर्जदाराचं नागरिकत्वही बघायचं. हजारो कुटुंबांवर खोटा ठपका आला, पैसे परत मागितले, लोक कर्जात बुडाले, आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारला राजीनामा द्यावा लागला. आपल्याकडे पोर्तुगीज नागरिकत्वासाठी पोर्तुगालला जन्म नोंदवलेली घरं किती आहेत बघा आणि मग सांगा.

फोंडेकर_एलडीसी: मग साहेबांना काय सांगू? तोंडावर नाही म्हणता येत नाही.

निवृत्त_हेडक्लार्क: नाही म्हणूच नका. नोट टाका: कुठलं टूल, कुठली माहिती आत जाणार, चुकलं तर सही कोणाची, आदेश व्हावेत. फायल "चर्चा करा" शेरा मारून परत येईल, पण नोटवर तुमची तारीख पडलेली असेल.