मदत हवी आहे : शुगर नॉर्मल, पण फास्टिंग इन्शुलिन २२

शर्वरी_न :
आज रिपोर्ट आला. फास्टिंग शुगर ९४, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) ५.६, फास्टिंग इन्शुलिन २२. लॅबने इन्शुलिन मर्यादेतच धरलंय. डॉक्टर "डायबेटिस नाही, पोट कमी करा" एवढंच म्हणाले. नेटवर वाचलं तर इन्शुलिन रेझिस्टन्समुळे (म्हणजे शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही) फॅटी लिव्हर, हृदयविकार, अल्झायमर सगळंच होतं म्हणे! गोळी सुरू करायला हवी का? कृपया लवकर सांगा.

मुक्ता७ :
पाळी अनियमित आहे का? माझं असंच पीसीओएस (अंडाशयाचा हार्मोनचा विकार) निघालं. इन्शुलिन वाढलं की अंडाशयात पुरुषी हार्मोन जास्त बनतात, शिवाय त्यांना बांधून ठेवणारं प्रथिन यकृत कमी बनवतं. मला मेटफॉर्मिनने (डायबेटिसची गोळी) पाळी नियमित झाली. तेच मागून घ्या.

शर्वरी_न :
ताई, रिपोर्ट नवऱ्याचा आहे. वय ४१.

लॅब_टेक्निशियन :
९४ गुणिले २२ भागिले ४०५, म्हणजे होमा-आयआर (इन्शुलिन रेझिस्टन्सचा अंदाज देणारा आकडा) ५.१. हे सूत्र १९८५ पासून वापरात आहे. सर्वमान्य सीमारेषा नाही, पण अनेक अभ्यास २.५ च्या आसपास धरतात, त्या मानाने हा आकडा बराच वर आहे. शुगर नॉर्मल दिसते कारण स्वादुपिंड जादा इन्शुलिन ओतून ती खाली ठेवतंय. मात्र इन्शुलिनची तपासणी लॅबगणिक वेगळी येते, एका रिपोर्टवर निष्कर्ष नको. रक्त किती तास उपाशी राहून दिलं? औषधं कोणती चालू आहेत?

उपवास_हाच_उपाय :
औषधांच्या नादी लागू नका. रोज सोळा तास पोट रिकामं ठेवा, इन्शुलिन आपोआप खाली येतं. माझं आलं.

निशिकांत_प :
तुमचं आलं, आनंद आहे. पण समोरच्याची माहिती नसताना सरसकट सल्ला देऊ नका. अमेरिकेतला डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम बघा, निकाल २००२ चा, तीन हजारांवर लोक. सात टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम या उद्दिष्टाने डायबेटिसचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनने ३१. त्यात सोळा तास उपाशी कोणी नव्हतं.

उपवास_हाच_उपाय :
तो अभ्यास उपवासाचा नव्हताच, मग उपवास चुकीचा कसा ठरतो?

आजोबा_१९५२ :
उघडलेली इन्शुलिनची बाटली साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर चालते, फक्त उन्हात किंवा उष्ण जागी नको. गोठली तर टाकून द्यावी.

शर्वरी_न :
काका, इंजेक्शन चालू नाहीये. आणि वजन कमी कुठून करायचं? तो बारीकच आहे, फक्त पोट सुटलंय.

निशिकांत_प :
हेच आधी सांगायला हवं होतं. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. काटा सारखाच, आतला ऐवज वेगळा. कमरेचा घेर मोजा. आणि मान बघा.

शर्वरी_न :
मानेच्या मागे, कॉलर टेकते तिथे आडव्या घड्यांत काळपट, जाडसर आणि हाताला मखमलीसारखं लागतं. बरीच वर्षं आहे. मळ म्हणून घासतो, जात नाही. याचा काय संबंध?

निशिकांत_प :
घासणं थांबवा. तो मळ नाही, अकॅन्थोसिस निग्रिकन्स असावा. जादा इन्शुलिनमुळे त्वचेच्या पेशी वाढतात. डॉक्टरांना दाखवा.

लॅब_टेक्निशियन :
औषधांचं उत्तर राहिलं.

शर्वरी_न :
शुगरचं किंवा बीपीचं काहीच नाही. दम्याचा जोर वाढला होता म्हणून प्रेडनिसोलोनचा कोर्स चालू आहे, परवा संपेल. रक्त बारा तास उपाशी राहूनच दिलंय.

लॅब_टेक्निशियन :
हे फार महत्त्वाचं आहे. प्रेडनिसोलोन स्टिरॉइड आहे. त्याने यकृत जास्त साखर सोडतं, स्नायू कमी घेतात, म्हणून इन्शुलिन चढतं. आजचा २२ त्यामुळे फुगलेला असू शकतो. कोर्स स्वतःहून तोडू नका. संपल्यावर पुन्हा तपासणी कधी करायची ते डॉक्टरांना विचारा. पण मानेचा काळपटपणा जुना आहे, तो एवढ्याशा कोर्सचा नाही. त्यामुळे सगळं स्टिरॉइडवर ढकलूनही चालणार नाही.

मुक्ता७ :
अल्झायमरचं डोक्यातून काढा. संबंध अभ्यासात दिसतो, पण त्याला काही जण म्हणतात ते "टाइप ३ डायबेटिस" हे मान्यताप्राप्त निदान नाही. त्यापेक्षा लिव्हरची सोनोग्राफी, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी), एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) आणि बीपी बघा. इन्शुलिन रेझिस्टन्स, ट्रायग्लिसराइड्स, एचडीएल, बीपी ही साखळी अमेरिकेतले डॉ. रीव्हन यांनी १९८८ मध्ये सिंड्रोम एक्स म्हणून मांडली होती.

शर्वरी_न :
ट्रायग्लिसराइड्स २१०, एचडीएल ३४. त्याच रिपोर्टच्या मागच्या पानावर आहे. सोनोग्राफी झालेली नाही. उद्या दम्याच्या डॉक्टरांना फोन करू की फिजिशियनकडे जाऊ?

लॅब_टेक्निशियन :
ट्रायग्लिसराइड्स जास्त आणि एचडीएल कमी आहे, फिजिशियनकडे जा. दोन्ही पानं न्या, प्रेडनिसोलोनचा डोस कागदावर लिहून न्या.