होम स्क्रीनचं लेआउट लॉक झालंय? कसं उघडलं, कुणासाठी ठेवलं, अनुभव लिहा

अंबाजोगाई

आमच्या गल्लीत, नात्यात, शाळेच्या स्टाफरूममध्ये एकच तक्रार सारखी कानावर येतेय. फोनवरचे आयकॉन हलत नाहीत, नवं ॲप समोर आणता येत नाही, नको ते काढता येत नाही. आयकॉनवर बोट दाबून धरलं की खाली एक छोटी पट्टी येते, लेआउट लॉक आहे असं सांगते आणि वाचून होईपर्यंत निघून जाते. मग माणसाला वाटतं फोन हँग झाला, व्हायरस शिरला. ह्यातलं काही झालेलं नसतं. एक बटण चालू असतं, एवढंच.

माझ्या वडिलांचा फोन सॅमसंगचा आहे. त्यात होम स्क्रीनवर जिथं आयकॉन नाही अशा मोकळ्या जागेवर बोट दाबून धरायचं. स्क्रीन जरा लहान होते आणि खाली सेटिंग्जचं चाक दिसतं. त्यात 'लॉक होम स्क्रीन लेआउट' नावाचं बटण आहे. ते बंद केलं की आयकॉन लगेच हलतात, फोन बंद-चालू करावा लागत नाही. मुख्य सेटिंग्जमध्ये 'होम स्क्रीन' उघडलं तरी हेच पान येतं.

वडिलांचे आयकॉन नीट लावून दिले. पण निघताना प्रश्न पडला की हे उघडंच ठेवावं का परत लॉक करावं. म्हणून विचारते. तुमच्याकडं फोन कोणता, कुणाचा, बटण कुठं सापडलं आणि उघडल्यावर पुन्हा लावलं का, ते सविस्तर लिहा. ज्यांच्या घरात म्हातारं माणूस फोन वापरतं त्यांनी तर नक्की लिहा.

परभणी, शेतकरी

रेडमी आहे. आमच्याकडं अडचण आली ती ई-पीक पाहणीच्या वेळेस. जुनं ॲप बंद होऊन डीसीएस नावाचं नवं घ्यावं लागलं. नवं डाऊनलोड झालं, पण समोरच्या पानावर जुनंच. अण्णा सवयीनं जुन्यावरच बोट ठेवायचे आणि ते काही पुढं सरकायचं नाही. पाहणी शेतात उभं राहूनच करावी लागते, फोटो तिथूनच काढावा लागतो. भर उन्हात सोयाबीनमध्ये उभं राहून म्हातारा माणूस फोनशी झगडायला लागला की जीव तुटतो.

रेडमीत सेटिंग्ज, मग होम स्क्रीन, त्यात लॉकचं बटण. नाहीतर स्क्रीनवर दोन बोटं चिमटीसारखी जवळ आणायची, खाली पर्याय येतात, तिथूनही जाता येतं. उघडलं, जुनं काढलं, नवं त्याच जागी ठेवलं. आयकॉन त्याच जागी ठेवा, हे महत्त्वाचं. बोटाला जागेची सवय असते. लॉक परत लावलं.

हिंगोली

रिअलमी. सेटिंग्जमध्ये होम स्क्रीन आणि लॉक स्क्रीन असं एकत्र पान आहे, त्यात मिळालं. ओप्पोतही असंच असतं. आमच्यात सगळे तरणे, उघडंच ठेवलंय.

जालना, मोबाईल दुरुस्तीचं दुकान

हा विषय निघाला हे फार बरं झालं. दुकानावर असे फोन नेहमी येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी काय करू नका ते सांगतो. कुणी रिसेट मारा म्हणलं तर मारू नका. रिसेट मारल्यावर लॉक निघतं हे खरं, पण त्यासोबत बॅकअप नसलेले फोटो, चॅट, सगळं जातं. मागच्या आठवड्यात एक बाई आल्या. दुसऱ्या एका दुकानात त्यांचा फोन पूर्ण रिसेट करून दिला होता, कारण काय तर आयकॉन हलत नव्हते. त्यांच्या वारलेल्या मालकांचे व्हॉइस मेसेज त्यात होते. बॅकअप नव्हता, ते मला परत आणून देता आले नाहीत. बटण बंद करायला दहा सेकंद लागतात हो.

दुसरं, लाँचरचा डेटा क्लिअर करू नका. होम स्क्रीन जे ॲप दाखवतं त्याला लाँचर म्हणतात. सॅमसंगमध्ये त्याचं नाव वन यूआय होम, पोकोत पोको लाँचर. व्हिडिओ बघून लोक ॲप्समध्ये जातात, लाँचर शोधतात आणि स्टोरेजमधून डेटा साफ करतात. ॲप्स उडत नाहीत, पण मांडणी सगळी उडते. फोल्डर जातात, विजेट जातात, स्क्रीन पहिल्या दिवशीसारखी होते. कॅशे साफ केली तर मांडणीला धक्का लागत नाही. पण लॉकसाठी दोन्हीची गरज नाही.

बटण सापडत नसेल तर कंपनी विसरा. सेटिंग्ज उघडा, सगळ्यात वर शोधायची जागा असते, तिथं 'लेआउट' किंवा 'होम स्क्रीन' टाइप करा. फोन मराठीत असेल तर मराठीत टाका. विवोवाले, मोटोवाले, सगळ्यांनी आधी हेच करा. कारण अपडेट आला की पानांची नावं बदलतात, बटण इकडून तिकडं जातं. मी तोंडपाठ रस्ता सांगितला तरी तुमच्या फोनला लागू होईलच असं नाही.

तिसरी गोष्ट, जी पुष्कळांना माहीत नसते. बटण बंद केलं तरी आयकॉन हलत नाहीत, असे फोन येतात. तेव्हा बघा की दुसरा लाँचर तर टाकलेला नाही. सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स, त्यात 'होम ॲप' बघा. तिथं वेगळं नाव असेल तर कंपनीच्या सेटिंग्जमधलं बटण कितीही दाबलं तरी उपयोग नाही, लॉक त्या दुसऱ्या लाँचरच्या आत असतं.

आणि नको असलेलं ॲप काढायला लॉक उघडायची गरज नाही. सेटिंग्जमध्ये ॲप्समधून नाहीतर प्ले स्टोअरमधून अनइन्स्टॉल होतं. लॉक फक्त मांडणीला आहे.

लातूर, विद्यार्थी

वरच्या काकांचं बरोबर आहे. माझ्यात नोव्हा लाँचर आहे. फोनच्या सेटिंग्जमध्ये शोधत बसलो, काहीच मिळालं नाही. शेवटी नोव्हाच्याच सेटिंग्जमध्ये होम स्क्रीनच्या पानावर लॉक मिळालं. नोव्हात मांडणीचा बॅकअपही घेता येतो, तो घेऊन ठेवलाय.

बीड, पाटोदा तालुका

माझं म्हणणं वेगळं आहे. लॉक उघडायचं कसं हे सगळे सांगायलेत, मी लॉक लावल्यामुळं काय झालं ते सांगते.

माझे आईबाप ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळी झाली की कारखान्याची गाडी येते आणि मग सहा महिने घरी आम्ही दोघी बहिणी अन् आजी. आता मी बीडला कॉलेजला असते, म्हणजे धाकटी अन् आजी दोघीच. आजीला वाचता येत नाही. तिला फोनवर तीनच गोष्टी लागतात. आईला व्हिडिओ कॉल, मला कॉल आणि टॉर्च.

आईचा फोटो असलेला आयकॉन मी पहिल्या पानावर खाली ठेवला होता, अंगठा सहज पोचेल असा. पण आजीचा अंगठा कापूस वेचून वेचून राठ झालेला, कातडीला चिरा. ती हलकं दाबतच नाही, जोर लावून धरते. तेवढ्यात आयकॉन सुटायचा आणि कुठंतरी जाऊन बसायचा, कधी फोल्डरमध्ये, कधी पुढच्या पानावर, कधी पार निघूनच जायचा. मग रात्री आठला तिकडं फडावर आई फोन हातात धरून बसलेली, आणि इकडं आजीला ती सापडत नाही. आईचा फोन आला तर उचलता यायचा, पण तिकडं रेंज असंल तेव्हाच. आजी रडायची. म्हणायची, माय, तुझी आई माझ्या हातानं पुसली गेली.

सुट्टीत आले तेव्हा सगळं परत लावलं आणि लॉक करून टाकलं. आता तिनं कितीही जोरात धरलं तरी पट्टी येते अन् जाते, आयकॉन जाग्यावर राहतो. सोडून परत टेकवलं की कॉल लागतो. आता ती रोज स्वतः कॉल करते.

म्हणून ज्यांना घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा फोन लॉक दिसला त्यांनी आधी इचारा की हे कुणी लावलंय. लेकीनं, नातीनं मुद्दाम लावलेलं असू शकतं.

अंबाजोगाई

पाटोद्याच्या ताई, तुमचं वाचून वडिलांना फोन केला. लॉक माझ्या भावानंच लावलं होतं, ह्याच कारणासाठी. पुढच्या रविवारी जाऊन परत लावते.

धाराशिव

आजीच्या अंगठ्यावरून लिहितो. आमच्या आईचा हात कापतो. तिच्या फोनला लॉक आहेच, पण त्यासोबत अजून एक गोष्ट केली. ॲक्सेसिबिलिटीत 'टच अँड होल्ड डिले' असतो, म्हणजे बोट किती वेळ टेकवलं की फोननं ते दाबून धरणं समजायचं. लहान, मध्यम, मोठा असा निवडता येतो. मोठा केला. सॅमसंग असेल तर डिस्प्लेमध्ये इझी मोड आहे, त्यात आयकॉन आणि अक्षरं मोठी होतात आणि हा वेळही आपोआप वाढतो. इझी मोड बंद केला की आधीची मांडणी परत येते, त्यामुळं करून बघायला भीती नाही.

मात्र आईला बसवून, तिला विचारून केलं. तिच्या बोटाला त्या स्क्रीनची सवय म्हणजे मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांची सवय, न बघता हात जातो. मुलगा आला आणि वाट्या बदलून गेला असं व्हायला नको. पूजेचं पंचांग तिला दुसऱ्या ओळीत हवं होतं, फोनपे नको होतं. तसंच ठेवलं.

नांदेड, फिल्डवर्कचं काम

माझं प्रकरण निराळं, पण काहींना उपयोगी पडेल. कामावरून मिळालेल्या फोनमध्ये मला आयकॉन हलवता येईनात. बटण शोधलं तर ते पुसट, दाबताच येत नाही. पडदा खाली ओढला तर तिथं बारीक अक्षरात लिहिलेलं, हा फोन तुमच्या संस्थेचा आहे. म्हणजे मांडणी वरून ठरवलेली होती. अशा फोनमध्ये आपल्या हातात काही नसतं. रिसेट मारून बघायचा विचार कुणी करत असेल तर करू नये. फोन सुरू होताना परत संस्थेच्याच ताब्यात जाऊ शकतो आणि भरलेली माहिती हातची जाईल. ज्यांनी फोन दिला त्यांना लेखी कळवा. मी कळवलं, त्यांनी मला लागणारी दोन ॲप्स पहिल्या पानावर आणून दिली.

छत्रपती संभाजीनगर

आमच्या मावशींना वाटायचं की आयकॉन गेला म्हणजे ॲप गेलं, म्हणून त्या तेच ॲप परत परत डाऊनलोड करायला जायच्या. त्यांना एवढंच दाखवलं: स्क्रीनवर खालून वर बोट सरकवलं की सगळ्या ॲप्सची यादी येते. तिथं असेल तर गेलेलं नाही. त्यावर दाबून धरलं की होम स्क्रीनवर आणायचा पर्याय येतो. लॉक असेल तर तो चालत नाही, आधी ते उघडा. ज्या फोनला अशी यादीच नाही, सगळी ॲप्स पानांवरच असतात, त्यात शेवटच्या पानापर्यंत जाऊन बघा, फोल्डरही उघडून बघा.

हिंगोली, वसमतकडचा

विवो आहे. जालन्याच्या भाऊंनी सांगितलं तसं सेटिंग्जमध्ये वर 'होम स्क्रीन' टाकलं, पहिल्या झटक्यात पान आलं. धन्यवाद भाऊ.

मला हे लागत होतं दामिनी ॲपसाठी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलेलं विजेचं ॲप आहे, आपल्या आजूबाजूला वीज पडत असेल तर सांगतं. मामा हळदीच्या रानात एकटे असतात. मे-जूनमध्ये दुपारून आभाळ भरून येतं, आणि परतीच्या पावसात तर विचारूच नका. आमच्या पट्ट्यात दरवर्षी माणसं आणि जनावरं विजेनं जातात. ॲप होतं, पण चौथ्या पानावर, एका फोल्डरच्या आत. मामांना ते कधीच सापडलं नाही.

जालना, मोबाईल दुरुस्तीचं दुकान

वसमतकर, एक करा. दामिनी समोर आणलं तरी तेवढ्यानं भागत नाही. त्याला लोकेशनची परवानगी द्या, नाहीतर मामा कुठं आहेत हे त्याला कळणार नाही. नोटिफिकेशन चालू आहे का बघा. आणि बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या ॲपवरचं बंधन काढा, कारण बरेच फोन न वापरलेली ॲप्स मागं झोपवून टाकतात. हे झालं की मग लॉक लावा.

हिंगोली, वसमतकडचा

तिन्ही केलं. बॅटरीचं बंधन खरंच लागलेलं होतं. मामांच्या सांगण्यावरून दामिनी पहिल्या पानावर अगदी वर ठेवलं, त्याच्या खाली मामीचा नंबर, आणि लॉक लावलं. बटण कुठं आहे ते मामांना दोनदा उघडून-बंद करून दाखवलंय, म्हणजे पुढच्या वेळेस माझी वाट बघावी लागणार नाही.