प्रमाणपत्रावर पैसे घालावेत की स्वतःचा प्रकल्प उभारावा?

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ)
नमस्कार. मी यंदा बी.सी.ए. पूर्ण केले असून नागपूरच्या मिहानमध्ये किंवा पुण्यात सॉफ्टवेअरची पहिली नोकरी शोधत आहे. एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनची क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने संगणक देणारी सेवा) क्लाउड प्रॅक्टिशनर या प्रमाणपत्र परीक्षेचे शुल्क १०० डॉलर आहे आणि ते कापूस विकल्यावरच भरता येईल. ते भरून परीक्षेची तयारी करावी, की तेच महिने एखाद्या प्रकल्पासाठी द्यावेत?

उत्तर १ (नागपूर, नवोदितांच्या मुलाखती घेतो)
आधी प्रकल्प करा, असे माझे स्पष्ट मत आहे. ही परीक्षा ६५ प्रश्नांची आणि पायाभूत पातळीची आहे. उमेदवाराला कोड लिहिता येतो की नाही, हे तिच्यावरून मला कळत नाही. विषय तर तुमच्या दारातच आहे. शासनाच्या खुल्या डेटा संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर मिळतात; त्यांवरून यवतमाळ, वणी आणि हिंगणघाट येथील कापसाच्या भावांची तुलना करणारे छोटे ॲप बनवा. मुलाखतीत मी पहिल्यांदा हेच विचारेन, की बाजार बंद असलेल्या दिवशी तुमचा आलेख काय दाखवतो. भाव शून्यावर आलेला दिसत असेल, तर नोंद नसणे आणि भाव शून्य असणे यांतला फरक तुमच्या ध्यानात आलेला नाही. तो तुम्ही कोडमध्ये हाताळला असेल आणि गिटहबवरील (कोड ठेवण्याचे संकेतस्थळ) रीडमीत, म्हणजे प्रकल्पाच्या माहितीपानावर, त्याचे कारण लिहिले असेल, तर पुढचा अर्धा तास आपण खऱ्या कामाविषयी बोलू. क्लासने सर्वांना वाटलेला तयार प्रकल्प मात्र आणू नका. तो दोन प्रश्नांत उघडा पडतो.

उत्तर २ (पुणे, मूळची आर्वीची, क्लाउड विभाग)
दादांचे म्हणणे पटते, तरी प्रमाणपत्र अगदीच वाया जात नाही. ॲमेझॉनच्या भागीदार कंपन्यांना आपली श्रेणी राखण्यासाठी प्रमाणित कर्मचारी ठरावीक संख्येने लागतात, त्यामुळे क्लाउड सपोर्टच्या जागांसाठी अर्जांच्या पहिल्या चाळणीत त्याला वजन येते. आणि ज्यांच्या महाविद्यालयात कंपन्या फिरकतच नाहीत, अशा आपल्याकडच्या मुलामुलींना तीच चाळणी सर्वांत जड जाते. मात्र त्याची मुदत ३ वर्षांचीच असते, म्हणून अर्ज करण्याच्या सुमारास ते घ्यावे. तोवर एनपीटीईएलवर (आयआयटींचे ऑनलाइन अभ्यासक्रम) शिका; तिथे शिकणे विनामूल्य असून शुल्क फक्त परीक्षेचे आहे.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. भावांचे ॲपच आधी हाती घेतो. परंतु येथे वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे असताना रोजचे दर न चुकता कसे उतरवावेत?

उत्तर १
त्यासाठी तुमचा संगणक चालू असण्याची गरजच नाही. गिटहब ॲक्शन्समध्ये (ठरल्या वेळी कोड आपोआप चालवणारी गिटहबची सोय) रोजची वेळ लावून द्या, म्हणजे दर त्यांच्याच सर्व्हरवर उतरतील. सार्वजनिक रेपॉझिटरीला (सर्वांना पाहता येणारा कोडचा संग्रह) ही सोय विनामूल्य आहे.