बुलेट ट्रेनच्या बोगद्यातला धडाम : काळजी की उगाच बाऊ?

सह्यवासी: मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी पालघर जिल्ह्यात डोंगर पोखरणं चालू आहे. आवाजाची चर्चा होते ती रुळांलगतच्या घरांपुरती. मला घोर आहे बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाचा. गाडी सुसाट आत शिरली की पुढची हवा सायकलच्या पंपासारखी दाबली जाते. तो दाब ध्वनीच्या वेगाने पुढे धावतो आणि गाडी आतच असताना पलीकडे धडाम! खिडक्यांची तावदानं थरथरतात. उद्घाटनाआधी पूर्ण वेगाने चाचण्या घ्या, बोगद्याच्या तोंडाशी मोजलेले आकडे ग्रामपंचायतीत लावा. एवढंच मागणं.

रूळावरचा: झालं, नवं खूळ! जपानने हे १९७५ साली सान्यो शिंकानसेनवर (शिंकानसेन म्हणजे तिथली बुलेट ट्रेन) भोगलं आणि निस्तरलंही. बोगद्याच्या तोंडाला झरोके असलेले हूड, म्हणजे पुढे काढलेली छतं, बांधले, म्हणजे दाब हळूहळू चढतो. १९९७ साली खंड्याच्या चोचीवरून घेतलेलं १५ मीटर नाकाचं ५०० सिरीज हे गाडीचं मॉडेल आलं. ई-५ या नंतरच्या मॉडेलचं नाकही तेवढंच. आणखी काय हवं?

तिरकस_काका: निस्तरलं कसलं, पुरतं संपलेलं नाही. मुळात त्यांचे बोगदे अरुंद. दुहेरी मार्गाच्या बोगद्याचा आडवा छेद साधारण ६४ चौरस मीटर, जर्मनीत ९० च्या वर. खोदाईत पैसा वाचवला, मग नाकं लांबवत बसले. शिवाय हा धमाका ढोबळमानाने वेगाच्या घनात वाढतो. ताशी २५० किलोमीटरवरून ३२० वर गेलात की दुप्पट!

रूळावरचा: मग जर्मनांना त्रास झालाच नसेल, नाही का?

तिरकस_काका: झाला ना. न्यूरेंबर्ग-इंगोलश्टाट मार्गावर दोन लांब बोगद्यांत. खडीऐवजी काँक्रीटचा स्लॅब ट्रॅक, त्यामुळे लाट विरण्याऐवजी आणखी तीव्र होत गेली. २००६ मध्ये मार्ग खुला होण्याआधी चाचण्यांत ते कळलं आणि आत ध्वनिशोषक बसवले. सह्यवासी तेच तर म्हणताहेत.

लोकलकर: अहो, रात्री मालगाडीचा भोंगा ऐकणाऱ्यांना विचारा! जपानची निवासी भागासाठी मर्यादा ७० डेसिबल आहे. ती इथे पाळली तरी पेढे वाटीन.

सह्यवासी: तिथेच मेख आहे. ती मर्यादा कानाला जाणवणाऱ्या आवाजाची. हा धक्का इतक्या खालच्या कंप्रतेचा की आवाज मोजायचं यंत्र गप्प आणि कपाटातली भांडी वाजताहेत.

रूळावरचा: आकडे लावा, हरकत नाही. पण त्यावरून काम अडवायला कुणी कोर्टात गेलं, तर मी विरोधातच.

तिरकस_काका: जाऊ द्या की! जपानमधल्या नागोयाचे रहिवासी शिंकानसेनच्या आवाज-हादऱ्यांविरुद्ध १९७४ ला कोर्टात गेले होते. शिंकानसेन बंद पडली का?