मदत हवी आहे: मुख्याध्यापकांचा प्रभार, ओटीपी आणि सह्या

जिल्हा परिषद हायस्कूल. मुख्याध्यापक महिनाअखेरीस सेवानिवृत्त होताहेत, प्रभार ज्येष्ठ शिक्षकाकडे येतोय. कनिष्ठ लिपिकाचं पद रिक्त, म्हणून पगारबिल प्रयोगशाळा परिचर भरतात (त्यांचं काम नव्हे, पण त्यांच्यामुळेच पगार होतात).

प्रभार यादी तयार आहे: जनरल रजिस्टर, कॅशबुक, चेकबुक, डेडस्टॉक (टिकाऊ वस्तूंची नोंदवही), सेवापुस्तकं, शिक्के. शाळा सोडल्याच्या दाखल्यांची कोरी पुस्तकं अनुक्रमांकासह मोजली. कॅशबुक पासबुकाशी जुळवताना न वटलेले चेक वेगळे दाखवले, नाहीतर तफावत नव्या माणसाच्या माथी येते. शिपायांच्या सेवापुस्तकातल्या वेतनवाढीच्या राहिलेल्या नोंदींवर जुन्या सरांच्याच सह्या घेतोय. नंतर त्या मिळवणं जिकिरीचं.

अडलंय ते ओटीपीपाशी. शालार्थ (पगारबिलांची ऑनलाइन प्रणाली) आणि यूडायस प्लस (शाळेची माहिती भरायचं पोर्टल), दोन्हींना सरांचा वैयक्तिक मोबाइल जोडलेला आहे. नंबर प्रभाराच्या आदेशाआधी बदलून मिळतो का? मधल्या काळात पगारबिल अडकू नये म्हणून कोणता क्रम ठेवलात? आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बँक खात्यावर सही बदलायला ठराव व आदेशाची प्रत पुरते, की बँक गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्रही मागते? नुकताच प्रभार घेतलेल्यांनी कृपया सांगावं.