केवलमूल्य: उणे चिन्ह पुसायचं, एवढंच ना?

कच्चा_खर्डा
|७| = ७ आणि |−७| = ७, इथपर्यंत काही अडचण नाही. पुढे दोन ठिकाणी गाडी अडली आहे.

एक: व्याख्येत म्हटलंय की क्ष ≥ ० असेल तर |क्ष| = क्ष आणि क्ष < ० असेल तर |क्ष| = −क्ष. केवलमूल्य ऋण नसतं, मग उत्तरात हे उणे कसं?

दोन: |२क्ष − ३| = क्ष − ६. याची दोन समीकरणं केली. २क्ष − ३ = क्ष − ६ वरून क्ष = −३ आणि २क्ष − ३ = −(क्ष − ६) वरून क्ष = ३. पुस्तकाच्या मागे मात्र ‘उकल नाही’ असं उत्तर आहे. ही छपाईची चूक समजायची का?

उभी_रेघ
नाही, छपाई बरोबर आहे. पण आधी पहिला प्रश्न.

−क्ष दिसलं की ते ऋणच, असं वाटतं तिथे गडबड होते. अक्षराकडे पाहून चिन्ह कळत नाही, ते आत बसलेल्या संख्येवर ठरतं. क्ष = −७ ठेवा: −क्ष = −(−७) = ७. म्हणजे व्याख्येतलं ते उणे ‘चिन्ह उलटवा’ एवढंच सांगतं, आणि क्ष मुळात ऋण असेल तेव्हाच ते वापरायचं आहे. याच कारणाने |−क्ष| = क्ष असं डोळे झाकून लिहू नये. क्ष = −२ घेतलं तर डावीकडे २ येतात, उजवीकडे −२.

‘उणे पुसा’ हा नियम सुट्या संख्येपुरता चालतो. |३ − ८| मध्ये उणे पुसलं की ३ + ८ = ११ होतात, खरं उत्तर ५. आधी आतली किंमत काढायची, मग चिन्ह बघायचं. |३ − √१०| मध्येही तेच. √१० सुमारे ३.१६ आहे, म्हणजे आतली संख्या ऋण, म्हणून उत्तर √१० − ३. अनेक जण इथे ३ + √१० लिहून मोकळे होतात.

ताळा_करा
दुसऱ्याबद्दल. डावी बाजू केवलमूल्य आहे, ती शून्याखाली जाणार नाही. म्हणून उजवी बाजूही क्ष − ६ ≥ ० हवी, म्हणजे क्ष ≥ ६. तुमची ३ आणि −३ ही दोन्ही उत्तरं इथेच बाद होतात. ताळा केलात तरी दिसेल: क्ष = ३ ला डावीकडे ३, उजवीकडे −३. क्ष = −३ ला डावीकडे ९, उजवीकडे −९.

हे पाहुणे आले कुठून? अट सोडून फक्त + आणि − अशी दोन समीकरणं मांडलीत, तेव्हा प्रत्यक्षात |२क्ष − ३| = |क्ष − ६| हे वेगळंच समीकरण सुटलं. त्याची उत्तरं ३ आणि −३ अगदी बरोबर आहेत. दोन्ही बाजूंचा वर्ग केला असतात तरी हेच पाहुणे आले असते.

उजवीकडे क्ष + ६ असतं तर क्ष = ९ आणि क्ष = −१, आणि दोन्ही टिकतात (१५ = १५, ५ = ५). म्हणजे पद्धत चुकीची नाही, अट लिहायची राहिली. उजवीकडे चल असेल तर ती अट पहिल्याच ओळीत लिहा. नुसती धन संख्या असेल तर गरज नाही.

संख्यारेषा
सुरुवात करणाऱ्यांना मी अंतराचीच भाषा सुचवेन. |क्ष − ५| = ३ म्हणजे ५ पासून ३ अंतरावरचे बिंदू, २ आणि ८. |क्ष + ४| मध्ये केंद्र −४, कारण ते |क्ष − (−४)| आहे.

सहगुणक आला की मात्र सांभाळून. |२क्ष − ३| = ७ मध्ये केंद्र ३ नाही. २ बाहेर काढा: २|क्ष − १.५| = ७, म्हणजे १.५ पासून ३.५ अंतर. उत्तरं ५ आणि −२.

असमानतेलाही हेच चित्र लावा. |क्ष − ४| < ३ म्हणजे ४ च्या जवळचे, १ < क्ष < ७. |क्ष − ४| > ३ म्हणजे लांबचे, क्ष < १ किंवा क्ष > ७. हे ‘किंवा’ एका ओळीत कोंबून ७ < क्ष < १ लिहिणारे पुष्कळ. अशी संख्याच नसते.

उभी_रेघ
जाता जाता: √(क्ष²) = क्ष नव्हे, |क्ष|. क्ष = −५ ठेवून बघा. म्हणून √(क्ष² − ६क्ष + ९) चं उत्तर |क्ष − ३|.

कच्चा_खर्डा
पहिलं आता पटलं. दुसऱ्यात अट विसरलो होतो. मग |क्ष − १| + |क्ष − ४| = ३ असेल तर + − च्या चार जोड्या करायच्या का?

ताळा_करा
तीनच. आतली पदं १ आणि ४ ला शून्य होतात, तिथे रेषा तोडा. चौथ्या जोडीला क्ष एकाच वेळी १ पेक्षा लहान आणि ४ पेक्षा मोठा लागेल.

क्ष < १: (१ − क्ष) + (४ − क्ष) = ५ − २क्ष. हे ३ केलं तर क्ष = १, पण तो या तुकड्यात नाही.
१ ≤ क्ष ≤ ४: (क्ष − १) + (४ − क्ष) = ३. क्ष उडालाच, म्हणजे या तुकड्यातली प्रत्येक संख्या चालते.
क्ष > ४: २क्ष − ५ = ३, क्ष = ४. तोही तुकड्याबाहेर.

उकल: १ ≤ क्ष ≤ ४. मधल्या तुकड्यात क्ष उडाला की ‘उत्तर नाही’ लिहायची घाई करू नका, उरलेलं विधान खरं आहे का ते बघा. इथे ३ = ३ खरं आहे. उजवीकडे २ असते तर ३ = २ खोटं पडलं असतं, बाजूच्या तुकड्यांतूनही काही मिळालं नसतं.

संख्यारेषा
आणि उजवीकडे ५ असते तर ० आणि ५. दोन्ही टोकांपासूनच्या अंतरांची बेरीज बघा: ० पासून १ + ४, ५ पासून ४ + १.